छोट्या लेबलचे संकेतस्थळ आणि त्यामागचा संगीतसंग्रह

मोझेस ॲश यांनी १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये फोकवेज रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करणारी कंपनी, सुरू केले, तेव्हा खप असो वा नसो, एकदा काढलेली ध्वनिमुद्रिका यादीतून वगळायची नाही, असा नेम त्यांनी घालून घेतला. मागणी येईल तशा थोड्या थोड्या प्रती काढून आणि तबकडीसोबत माहितीपुस्तिका देऊन त्यांनी सुमारे चार दशकांत दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेने हा संग्रह आपल्याकडे घेतला, तो यांतली एकही ध्वनिमुद्रिका अनुपलब्ध होऊ द्यायची नाही या अटीवर. आज छोट्या लेबलच्या संकेतस्थळावर आरंभापासूनच्या सर्व प्रकाशनांचे जे पान असते, त्याचे मूळ मला या अटीत दिसते.

त्या पानाची मांडणी मात्र टपालविक्रीतून आली. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसन्या पैशांवर न्यू हॉर्मोन्स हे लेबल काढून आपली पहिली तबकडी स्वतः प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी त्याच शहरात फॅक्टरी आणि १९८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये डिस्कॉर्ड ही लेबले उभी राहिली. टपालाने माल मागवणाऱ्या ग्राहकाला अशी लेबले जी छापील यादी पाठवत, तिच्यात कलाकार, शीर्षक, स्वरूप, किंमत आणि या सर्वांच्या आधी कॅटलॉग क्रमांक, म्हणजे लेबलने प्रत्येक प्रकाशनाला दिलेला स्वतःचा क्रमांक, असे. फॅक्टरीने तर हा क्रमांक पोस्टरला आणि नाइटक्लबलाही दिला. संग्रहाच्या कामात या क्रमांकाचे मोल फार आहे, कारण एकच ध्वनिमुद्रण तबकडी, कॅसेट, सीडी आणि फाइल अशा चार रूपांत निघाले की शीर्षक तेच राहते, वेगळा असतो तो क्रमांक. ध्वनिमुद्रणाची स्वतःची ओळख सांगणारा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा संकेत १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, पण त्याआधीच्या तबकड्यांची नोंद लावताना बहुधा लेबलचा जुना क्रमांकच हाताशी असतो.

इंटरनेटवर संगीत ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील विद्यार्थ्यांनी केला. इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह या त्यांच्या उपक्रमात लेबल नसलेले कलाकारही आपली ध्वनिमुद्रणे ठेवू शकत. त्याच दशकात केवळ फाइली प्रसिद्ध करणारी नेटलेबले निघाली, आणि २००२ च्या अखेरीस निर्मात्याने ठरवलेल्या अटींवर वाटपाची मुभा देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आल्यावर मोफत वाटपालाही कायदेशीर भाषा मिळाली. या नेटलेबलांपैकी कित्येकांच्या फाइली आज इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहालयात ऐकता येतात, जरी त्यांची स्वतःची संकेतस्थळे केव्हाच बंद पडली.

दुसऱ्याच्या जागेत ठेवलेल्या संगीताचे पुढे काय झाले, हा या इतिहासातला सर्वांत क्लेशदायक भाग आहे. कलाकारांना गाणी चढवू देणाऱ्या एमपी३.कॉमवर दहा लाखांहून अधिक गाणी होती; २००३ च्या अखेरीस ते संकेतस्थळ नव्या मालकाकडे गेले आणि तो साठा पुसला गेला. २००३ ते २०१५ या काळात मायस्पेस या समाजमाध्यमावर चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यांतली सुमारे ४,९०,००० गाणी एका संशोधनासाठी आधीच उतरवून घेतलेली असल्याने वाचली, पण बाकीची त्यांच्या कैक पट होती. छोट्या लेबलांच्या दृष्टीने यातली खरी हानी अशी की, अनेकांनी चढवलेली प्रत हीच एकमेव प्रत मानली होती. शिवाय चढवलेली प्रत बहुधा संपीडित, म्हणजे आकार लहान केलेली, असते. एमपी३ करताना गाळलेला ध्वनी परत मिळवता येत नाही. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक या स्वरूपात काहीही न गाळता फाइल लहान करता येते, म्हणून घरातल्या प्रतीसाठी ते किंवा मूळ, न दाबलेली वेव्ह फाइल वापरण्याची रीत रुजली.

स्वतःच्या संकेतस्थळावरही सर्व सुरक्षित होते असे नाही. २००० च्या दशकात कित्येक लेबलांनी गाणी ऐकवण्यासाठी फ्लॅश या ब्राउझरमधल्या जोडप्रणालीवर चालणारे प्लेअर बसवले होते. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपला. फाइली सर्व्हरवर तशाच राहिल्या, पण पानावरून त्या वाजेनाशा झाल्या. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पने विक्री, ऐकणे आणि डाउनलोड यांची सोय एकत्र केल्यावर अनेकांनी आपले पान ठेवून दुकान तिकडे हलवले, आणि ही विभागणी मला समंजस वाटते. तरी २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन वर्षांत बँडकॅम्पचीही मालकी बदलली.

फाइलीइतकाच महत्त्वाचा कागदाचा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. फॅक्टरी १९९२ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा ती विकत घेण्याच्या वाटाघाटी चालू असताना एक जुना कागद पुढे आला. त्यानुसार संगीताची मालकी कलाकारांकडेच होती, कंपनीकडे नव्हती. जुने ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर ठेवू पाहणाऱ्या लेबलला आजही आधी असाच कागद शोधावा लागतो, कारण इंटरनेटपूर्वीच्या करारांत डाउनलोडचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि बरेचसे करार तर केवळ तोंडी झालेले असत.