मैफलीचं परीक्षण

मैफलीचं परीक्षण म्हणजे गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ऐकून पेपरात, मासिकात किंवा हल्ली ऑनलाइन लिहिलेला मजकूर. त्यात काय गायलं हेही यायला हवं आणि कसं गायलं हेही, पण मराठीत पहिलं भरपूर मिळतं नि दुसरं शोधावं लागतं. "दमदार तानांनी रसिकांना मंत्रमुग्ध केलं", "मैफल उत्तरोत्तर रंगत गेली" ही वाक्यं गायकाचं नाव बदलून कुठल्याही कार्यक्रमाला चालतात, आणि बिनधास्त चालवली जातात.

यात सगळा आळसच असतो असं नाही. पुण्या-मुंबईतलं गाण्याचं वर्तुळ छोटं, लिहिणारा बहुतेकदा स्वतः कुणाचा तरी शिष्य किंवा निदान गुरुबंधूंचा मित्र, त्यात पास आयोजकांनी दिलेला, मग "आवाज लागला नाही" असं छापायचं कसं आणि पुढच्या महिन्यात त्याच गायकाला भेटायचं कसं? केशवराव भोळे 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या टोपणनावांनी लिहायचे. ते स्वतः प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमांचे संगीतकार, म्हणजे आतलेच, पण गायकाच्या गळ्याबद्दल आणि गायकीबद्दल बारकाईनं लिहायचे.

प्रामाणिक असणं एक आणि उपयोगी असणं दुसरं. "मला नाही आवडलं" हे प्रामाणिक आहे पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? उदाहरण घ्या मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांचं. तिन्हीत स्वर तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक चालीत आणि थांबण्याच्या जागांत: मारव्यात रिषभ-धैवताचा जोर, पूरियात गंधार-निषादाचा, सोहनी वरच्या सप्तकात खेळते. आता "पूरिया रंगला" या वाक्यातून काही कळत नाही, पण "रिषभ-धैवतावर एवढं रेंगाळल्यामुळे पूरियात मारवा डोकावत होता" असं कुणी लिहिलं तर ज्याला राग कळतो तो रेकॉर्डिंग लावून तपासू शकतो, आणि ज्याला कळत नाही त्याला कान कुठे द्यायचा ते समजतं. चूक निघाली तर समीक्षकाची पण निघते, हे मला तरी यातलं सगळ्यात चांगलं वाटतं.

माप कुठलं लावायचं हा वेगळाच घोळ. गाण्याची घराणी म्हणजे गुरु-शिष्यांच्या वेगवेगळ्या परंपरा, आणि जयपूर घराण्याच्या गुंतागुंतीच्या तानांत किराणा घराण्याची संथ आलापी शोधायची आणि ती नाही म्हणून नाक मुरडायचं, हा प्रकार बऱ्याच लेखांत दिसतो. कुमार गंधर्वांच्या बाबतीत तर हे फार झालं. ते शिकले देवधर मास्तरांकडे, पण क्षयातून उठून परत गायला लागल्यावर छोट्या छोट्या स्वरवाक्यांनी राग मांडायला लागले, कुठल्याच घराण्याची पट्टी नीट बसेना, मग कुणी डोक्यावर घेतलं, कुणी ख्याल पुरेसा भरत नाही म्हणून तक्रार केली. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्यातलं आज वाचवतं ते तेवढंच, ज्यात गाणं नेमकं कसं चाललं होतं ते सांगितलंय.

जागा आणि वेळ या साध्या अडचणी. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, पूर्वी रात्रभर चालायचा. अशा महोत्सवाची बातमी म्हटलं की पाच कलाकार दीडशे-दोनशे शब्दांत कोंबायचे, त्यात तबला-पेटीवाल्यांच्या वाट्याला "समर्पक साथ केली" एवढंच येतं, मग त्या तबलजीनं विलंबितात, म्हणजे संथ गतीच्या गाण्यात, लय कितीही सुंदर धरून ठेवलेली असो.