कोलेस्टेरॉल रक्तातून उचलतं कोण?

शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ छापलेलं दिसलं की मला हसू येतं. वनस्पतितेलात ते नगण्यच असतं, त्यात कंपनीचं काय कौतुक? पाम तेलालाही तीच बिरुदावली लावता येते आणि त्यातला जवळपास निम्मा मेद संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो तो मुख्यतः हाच मेद, कारण त्याच्यामुळे यकृताचे ग्राही मंदावतात.

हे ग्राही म्हणजे यकृतपेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, ते एलडीएल नावाच्या मेद-प्रथिनांच्या कणांत बसून फिरतं. ग्राही असा कण पकडून पेशीत शिरतो. आतल्या आम्लात पकड सुटते, कणाचं पचन होतं आणि ग्राही रिकाम्या होडीसारखा परत काठावर येतो. एक फेरी साधारण 10 मिनिटांची! ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. ज्यांच्यात जन्मतःच हे ग्राही चालत नाहीत, अशा मुलांना शाळेच्या वयातही हार्ट अटॅक येतो.

ग्राही किती हवेत हे पेशीच ठरवते. आत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी-2 हे प्रथिन पेशीतल्याच गॉल्जी पिंड या भागात जातं, तिथे दोनदा कापलं जातं आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन ग्राहीचं जनुक चालू करतो. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी नेमकं हेच घडवते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांना 1973 साली बुरशीत सापडलेल्या पहिल्या स्टॅटिनपासून सगळ्यांचं काम एकच: पेशीतली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणं. उपाशी यकृत मग ग्राही वाढवून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

उचलले न गेलेले कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात. त्यांना गिळून पांढऱ्या पेशी फुगतात, थर साचतो, आणि तो फाटला की वर रक्ताची गुठळी होते. थर भिंतीच्या आत असतो. व्हॉट्सॲपवरचा लसूण-लिंबाचा काढा तो ‘धुऊन’ काढू शकत नाही.

गंमत म्हणजे एसआरईबीपी-2 ग्राहीबरोबर पीसीएसके9 हे प्रथिनही वाढवतं, आणि ते ग्राहींनाच नष्ट करायला पाठवतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम 6 टक्के उतरतं, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर आता पीसीएसके9 रोखणारं इंजेक्शन देतात.