एकविषयी कलाकृतींची तुलना

एकच कथा, एकच व्यक्ती किंवा एकच दृश्य घेऊन घडवलेल्या दोन कलाकृती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत. कलेतिहासाच्या अध्यापनात आणि संग्रहालयांच्या मांडणीत ती सतत वापरली जाते. एखादी कृती कोणाच्या हातची हे ठरवतानाही तिचाच आधार घेतात. एकटे चित्र पाहताना त्यातली प्रत्येक गोष्ट अटळ वाटते. हात उचललेला आहे, म्हणजे तो तसाच असणार. शेजारी त्याच विषयाचे दुसरे चित्र आले आणि त्यात हात खाली दिसला, की पहिल्या चित्रातला हात कोणीतरी मुद्दाम उचलला आहे हे कळते. विषय कायम राहतो, म्हणून निवड उघडी पडते. निवड नेहमी कलावंताचीच असते असे नाही. कधी ती काम सांगणाऱ्याची असते, कधी भिंतीच्या लांबीरुंदीची, कधी त्या काळच्या रूढीची.

या तुलनेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण फ्लॉरेन्सचे आहे. १४०१ मध्ये तिथल्या बाप्तिस्मागृहाच्या कांस्यद्वारांसाठी स्पर्धा जाहीर झाली. विषय ठरवून दिलेला होता : देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघतो आणि ऐन वेळी देवदूत त्याला थांबवतो. चार पाकळ्यांच्या फुलासारखी चौकट आणि कामाला एक वर्ष, या अटीही सर्वांना सारख्याच होत्या. सात स्पर्धकांपैकी लोरेन्झो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की या दोघांचेच फलक आज उरले आहेत. ते फ्लॉरेन्सच्याच बार्जेलो संग्रहालयात आहेत. दोन्हींत पात्रे तीच : बाप, मुलगा, देवदूत, दोन नोकर, गाढव आणि मेंढा.

ब्रुनेलेस्कीच्या फलकात झटापट आहे. बापाची मूठ मुलाच्या जबड्याखाली रुतली आहे, मान मागे ढकलली गेली आहे आणि सुरी गळ्याशी येऊन पोहोचली आहे. म्हणूनच देवदूताला नुसता आवाज देऊन भागत नाही. तो झेप घेऊन अब्राहामाचे मनगटच धरतो. खाली एक नोकर पायातला काटा काढण्यात गुंतला आहे, गाढवाने मध्यभागी चांगलीच जागा व्यापली आहे आणि आकृत्या चौकटीच्या कडा ओलांडून बाहेर येतात. गिबेर्तीने मात्र एक तिरका खडक मध्ये घातला. नोकर आणि गाढव खडकाच्या एका अंगाला, बळीचा प्रसंग दुसऱ्या अंगाला. बापाचा एक हात मुलाच्या खांद्याभोवती आहे, सुरी अजून हवेतच आहे, आणि मागच्या सपाट पृष्ठभागातून बाहेर येणारा देवदूत कोणालाही स्पर्श करत नाही. इसहाकाचे उघडे शरीर प्राचीन रोमन शिल्पांच्या वळणाचे, घाटदार आणि शांत. पहिल्या फलकात आपण घटनेत ओढले जातो. दुसऱ्यात घटना आणि आपण यांच्यात एक श्वास घेण्याइतके अंतर राहते.

काम गिबेर्तीला मिळाले. याचे श्रेय एकट्या सौंदर्याला देणे घाईचे ठरेल. ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगळ्या ओतून पाटावर बसवल्या होत्या. गिबेर्तीचा फलक जवळजवळ एकसंध ओतीव आणि सुमारे ७ किलोने हलका होता. पुढे दारावर असे २८ फलक बसायचे होते आणि कांसे महाग होते. तेव्हा परीक्षकांनी काय पाहिले असेल याचा विचार करताना डोळ्याबरोबर तराजूही ध्यानात घ्यायला हवा. पुढे दाराचा विषयच बदलून ख्रिस्तचरित्र झाला आणि जिंकलेला फलक त्या दारावर लागलाच नाही.

इतकी नेटकी परिस्थिती क्वचितच मिळते. बहुतेक वेळा दोन कृतींचा विषय खरोखर एकच आहे का, इथूनच सुरुवात करावी लागते. सतराव्या शतकातील इटालियन चित्रकार फ्रांचेस्को माफेई याच्या एका चित्रात एका तरुणीच्या हाती तलवार आहे आणि तबकात पुरुषाचे कापलेले मस्तक. तबक म्हटले की सलोमी आठवते, कारण बायबलच्या कथेत बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक तिला तबकातच आणून दिले होते. तलवार म्हटली की ज्युडिथ आठवते, शत्रूचा सेनापती होलोफर्नीस याच्या तंबूत जाऊन त्याचे मस्तक कापणारी ज्यू विधवा. पण ज्युडिथच्या कथेत मस्तक झोळीत जाते. कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की (१८९२–१९६८) याने १९३९ च्या आपल्या प्रतिमाविद्येवरील, म्हणजे चित्रातल्या विषयांचा व खुणांचा अर्थ लावण्यावरील, ग्रंथात हा पेच सोडवला. जर्मनी आणि उत्तर इटलीतील जुनी चित्रे चाळल्यावर त्याला तबक घेतलेल्या ज्युडिथ सापडल्या, तलवार घेतलेली सलोमी मात्र एकही सापडली नाही. म्हणून माफेईची तरुणी ज्युडिथ ठरली. मूळ ग्रंथातली कथा आणि चित्रकारांत रुळलेली प्रथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुलना करणाऱ्याला दोन्ही माहीत असाव्या लागतात.

ज्युडिथचाच विषय घेऊन इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०० च्या आसपास एक चित्र रंगवले. ते रोमच्या बार्बेरिनी प्रासादात आहे. चित्रकर्ती आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिने हा शिरच्छेदाचा प्रसंग दोनदा रंगवला. १६१२-१३ च्या सुमाराचे तिचे चित्र नेपल्सच्या कापोदिमॉन्ते संग्रहालयात आहे, तर १६२० च्या सुमाराचे फ्लॉरेन्सच्या उफिझीत. काराव्हाज्जो आणि आर्तेमिसिया यांची जोडी कलेतिहासाच्या वर्गात इतकी वापरली जाते की तिच्यावरची उत्तरे पाठ झाली आहेत. काराव्हाज्जोची ज्युडिथ नाजूक, कपाळाला आठी, शरीर मागे कललेले, हात लांब ताणलेले, जणू किळसवाणे काम शक्य तितक्या दुरून उरकते आहे. आर्तेमिसियाची ज्युडिथ बाह्या वर सारून पूर्ण भार टाकून काम करते. यानंतर लगेच आर्तेमिसियाचे चरित्र पुढे येते : १६११ मध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर केलेला बलात्कार, १६१२ मधला खटला, साक्ष पडताळण्यासाठी दोरीने आवळलेली तिची बोटे. हे सारे खरे आहे आणि विसरण्यासारखे नाही. पण चरित्र इतक्या लवकर आले की डोळे पाहायचे थांबतात. चित्रात जे आहे ते आधी पुरते बघून घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे.

बघायला सुरुवात दासीपासून करावी. ज्युडिथच्या ग्रंथात दासी शयनकक्षाबाहेर थांबते. आत ज्युडिथ एकटी असते आणि दारूच्या गुंगीत झोपलेल्या होलोफर्नीसच्या मानेवर दोनदा वार करते. दोन्ही चित्रकारांनी हे मोडले. दोघांनी दासीला आत आणले आणि होलोफर्नीसला जागे केले. मात्र आत आणलेल्या दासीला काम काय द्यायचे, इथे वाटा फुटतात. काराव्हाज्जोची दासी म्हातारी आहे. ती चित्राच्या उजव्या काठाला, डोळे विस्फारून, मस्तक घ्यायला फडके धरून उभी आहे. तिच्यामुळे ज्युडिथचे तारुण्य आणि एकटेपणा दोन्ही ठळक होतात, पण कृत्यात तिचा हात नाही. आर्तेमिसियाने दासी तरुण केली आणि तिला थेट वर नेऊन होलोफर्नीसच्या अंगावर रेलवले. त्याची जाडजूड मूठ तिच्या गळ्याच्या दिशेने वर आली आहे. ती त्याचे हात दाबून धरते म्हणूनच ज्युडिथला तलवार चालवता येते. तिघांचे हात चित्राच्या मध्यात, मस्तकापाशी, एकमेकांत असे गुंततात की कोणता कोणाचा हे क्षणभर शोधावे लागते. दोन बायकांनी मिळून केलेले, जोर लागणारे काम, ही या चित्राची कल्पना आहे. ती चरित्र न वाचताही चित्रातच दिसते, आणि आधी दिसली म्हणजे मग चरित्र वाचताना जास्त खोल जाते.

काराव्हाज्जोच्या आडव्या चित्रात तिन्ही आकृत्या डावीकडून उजवीकडे ओळीने वाचता येतात. उफिझीचे चित्र उभे आहे आणि त्यात सगळा भार वरून खाली येतो. कॅनव्हासचा आकारच अर्धी कथा सांगतो. रक्तही वेगळे वागते. काराव्हाज्जोकडे ते ताठ फितींसारखे निघते. आर्तेमिसियाच्या नेपल्सच्या चित्रात ते चादरीवरून ओघळते, उफिझीच्या चित्रात कमानीसारखे उडून ज्युडिथच्या पिवळ्या वस्त्रापर्यंत येते. म्हणजे एकाच चित्रकर्तीच्या दोन कृतींतही मधल्या काही वर्षांत एक निर्णय बदलला.

कथेतला कोणता क्षण उचलायचा, हा या तुलनेतला सर्वांत फलदायी प्रश्न. बायबलमधला डेव्हिड गोफणीने गोलायथ या महाकाय योद्ध्याला मारतो. मायकेलअँजेलोचा डेव्हिड (१५०१–०४) लढाईपूर्वीचा मानतात : शरीर सैल उभे, फक्त मान वळलेली आणि कपाळ ताणलेले. बेर्निनीचा डेव्हिड (१६२३-२४) गोफण फिरवतानाच पकडला आहे, ओठ आवळलेले, कंबर पिळलेली. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडला शत्रू दूर कुठेतरी दिसतो. बेर्निनीचा डेव्हिड आपल्या मागे कोणी उभे आहे की काय, असे वाटायला लावतो. भारतीय शिल्पात महिषासुरमर्दिनीच्या बाबतीत असेच घडते. ऐहोळे येथील दुर्ग मंदिराच्या प्रदक्षिणापथात असुर रेड्याच्या रूपात देवीच्या ताब्यात आलेला आहे, त्रिशूळ रुतला आहे. निकाल लागलेला आहे. महाबलीपुरमच्या महिषासुरमर्दिनी मंडपात, सातव्या शतकातील पल्लव शिल्पात, निकाल लागायचा आहे. अष्टभुजा देवी सिंहावर बसून धनुष्य ताणत पुढे येते. समोर माणसाचे शरीर आणि रेड्याचे डोके असलेला महिष गदा धरून मागे रेलला आहे. त्याच्यावर अजून छत्र आहे; तो अजून राजा आहे. पण त्याच्या शरीराचा सारा कल माघारीचा आहे, आणि पराभव कोरण्याऐवजी कलंडू लागलेला तोल कोरणे हा या शिल्पकाराचा निर्णय थक्क करतो. त्याच मंडपात समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू निवांत पहुडला आहे.

घटनाच नसलेल्या विषयांत तुलना आणखी सूक्ष्म होते. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रन्वार या फ्रेंच चित्रकारांनी सेन नदीवरील ला ग्रनुयेर हे स्नानस्थळ एकाच बाजूने रंगवले. तेच छोटे बेट, त्याच होड्या. मोनेचा कुंचला पाण्याच्या आडव्या पट्ट्यांत रमतो आणि माणसे काही फटकाऱ्यांत संपतात. रन्वार माणसांच्या जवळ सरकतो, कपड्यांत आणि गर्दीच्या गजबजाटात त्याचा जीव आहे.

ही पद्धत वर्गात रुळवण्याचे श्रेय बहुधा स्विस कलेतिहासकार हाइनरिश वोल्फ्लिन (१८६४–१९४५) याला देतात. त्याने दोन प्रक्षेपक लावून दोन चित्रे शेजारी दाखवत व्याख्याने दिली आणि १९१५ च्या ग्रंथात रेषात्मक विरुद्ध रंगात्मक, बंदिस्त विरुद्ध खुला आकार अशा पाच जोड्या मांडल्या. त्यातून शिकवण्याची भाषा मिळाली; सोबत एक खोडही लागली. दोन चित्रे समोर आली की मन त्यांना परस्परविरोधी टोके करून टाकते. यावर साधा उपाय म्हणजे तिसरे चित्र. दोन डेव्हिडांशेजारी दोनातेल्लोचा कांस्य डेव्हिड ठेवला, ज्याच्या पायाशी गोलायथचे मस्तक पडलेलेच आहे, की ‘शांत विरुद्ध गतिमान’ ही जोडी मोडते. फ्लॉरेन्सच्या स्पर्धेतील उरलेले पाच फलक मिळाले असते, तर गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की आज इतके दोन टोकांचे वाटले असते का, हा प्रश्न त्या फलकांसमोर मनात ठेवावाच लागतो. पडदा आकारमानही खाऊन टाकतो. पायथ्यासह ५ मीटरहून उंच असलेला मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि माणसाएवढा बेर्निनीचा डेव्हिड स्लाइडवर सारखेच होतात. मायकेलअँजेलोचा पुतळा तर मुळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर उंच बसवण्यासाठी घडवला होता.

खऱ्या कृती एकाच दालनात आणून केलेल्या तुलनेने एक गाजलेला वाद मिटवला. जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन धाकटा याने बाझेलचा माजी नगराध्यक्ष याकोब मायर याच्यासाठी १५२६ ते १५२८ च्या दरम्यान मायरच्या कुटुंबासह मॅडोना, म्हणजे बाल येशूला घेतलेली मेरी, रंगवली. एकोणिसाव्या शतकात या चित्राच्या दोन प्रती ज्ञात होत्या, एक दार्मश्टाटला आणि एक ड्रेस्डेनला. १७४३ मध्ये विकत घेतलेली ड्रेस्डेनची प्रत राफाएलच्या मॅडोनेच्या बरोबरीने पूजली जात होती. १८७१ मध्ये ड्रेस्डेनमध्ये दोन्ही शेजारी टांगल्या गेल्या. कलेतिहासकारांनी बारकाईने पाहून दार्मश्टाटची मूळ आणि ड्रेस्डेनची नक्कल ठरवली. ही नक्कल सतराव्या शतकात बार्थोलोमेउस सारबुर्ग याने केल्याचे आज मानले जाते. पुढे तांत्रिक तपासणीनेही याला दुजोरा दिला : मूळ चित्रात मायरच्या मुलीचे केस आधी मोकळे रंगवून नंतर शिरोभूषणाखाली घेतले होते. नक्कल करणाऱ्यापुढे शेवटचे रूप तयार होते. त्याला असा बदल करावा लागला नाही. प्रदर्शनाला आलेल्या अनेक चित्रकारांना आणि सर्वसामान्य प्रेक्षकांना मात्र निकालानंतरही ड्रेस्डेनचीच मॅडोना अधिक सुंदर वाटत राहिली. दार्मश्टाटचे चित्र तेव्हा जुन्या, पिवळ्या पडलेल्या रोगणाखाली होते. ते रोगण १८८७ मध्ये काढण्यात आले.