जन्मवजन आणि प्रौढ वयातील कोलेस्टेरॉल

जन्मवेळचे वजन आणि त्याच व्यक्तीच्या रक्तातील मोठेपणीचे कोलेस्टेरॉल यांच्यात आढळणारा सांख्यिकीय संबंध. तो व्यस्त आहे : जन्मवजन जितके कमी, तितके पुढे कोलेस्टेरॉल किंचित जास्त. या विषयावरचा सगळा वाद ‘किंचित’ या एका शब्दाभोवती फिरत आला आहे.

विषयाची सुरुवात एका सरकारी नोंदवहीपासून होते. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली प्रत्येक नवजात बाळाची नोंद ठेवली जाऊ लागली. सुईणीने घेतलेले जन्मवजन, अंगावरचे दूध की बाटलीचे, आणि वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन, असे एका ओळीत एक बाळ. साउदॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांच्या गटाने या वह्या पुढे कामाला लावल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून त्यांनी १९८९ मध्ये दाखवले, की जन्मवेळी आणि पहिल्या वाढदिवसाला ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वाधिक होते. हृदयविकार म्हटला की कोलेस्टेरॉलची चौकशी ओघानेच आली.

ती चौकशी शेफील्ड शहरात झाली. तेथील एका प्रसूतिगृहाने बाळांचे वजन तर लिहिलेच होते, शिवाय डोक्याचा आणि पोटाचा घेरही मोजून ठेवला होता. पन्नाशी ओलांडलेल्या २१९ स्त्री-पुरुषांचे रक्त तपासून बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला : जन्मवेळचा पोटाचा घेर इंचभर कमी असला, तर प्रौढपणीचे एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचेही तसेच. वजनापेक्षा पोटाचा घेर अधिक बोलका ठरला, ही या अभ्यासातली खरी मेख. नवजात बाळाच्या पोटात सर्वाधिक जागा यकृत व्यापते, आणि रक्तातले एलडीएल उचलून त्याची विल्हेवाट लावण्याचे मुख्य काम यकृताचेच असते.

यकृतच का, याचे उत्तर गर्भाच्या रक्ताभिसरणात शोधले जाते. वारेकडून नाळेतून येणारे पोषक रक्त आधी यकृतापाशी पोचते. त्यातला काही भाग यकृताला वळसा घालून आडवाटेने थेट हृदयाकडे जातो. पोषण किंवा प्राणवायू कमी पडला की ही आडवाट जास्त वापरली जाते. मेंदूची सोय लावली जाते आणि यकृताच्या वाट्याला कमी येते. वाढीच्या त्या नाजूक काळात आक्रसलेले यकृत पुढे आयुष्यभर कोलेस्टेरॉल थोड्या वेगळ्या पातळीवर राखते, अशी ही कल्पना. प्रथिने कमी असलेला आहार दिलेल्या गाभण उंदरांच्या पिल्लांत यकृतातील विकरांचे (एन्झाइमांचे) प्रमाण बदललेले दिसते. त्याने कल्पनेला बळ मिळते. मात्र माणसात हेच घडते, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

शेफील्डचा आकडा पुढे टिकला का? फारसा नाही. २००४ मध्ये ७९ अभ्यासांतील सुमारे ७४ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. एक किलो जास्त जन्मवजनामागे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी जेमतेम १.४ मिलिग्रॅमने कमी निघाले. म्हणजे अडीच किलोच्या बाळाचे मोठेपणी कोलेस्टेरॉल २०० असेल, तर साडेतीन किलोच्या बाळाचे सरासरीने १९८.६. एकाच माणसाचे रक्त महिन्याभरात दोनदा तपासले, तरी याहून मोठा फरक सहज पडतो. शिवाय लहान अभ्यासांत संबंध ठळक आणि मोठ्या अभ्यासांत फिका, असेही दिसले. ठळक निकाल छापून येतात, फिके फायलीत पडून राहतात. या विषयालाही ती खोड लागली होती.

दुसरा आक्षेप गणिताचा आहे. अनेक अभ्यासांत जन्मवजनाचा परिणाम काढताना सध्याचे वजन सारखे धरले जाते. पण आज सारख्याच वजनाच्या दोघांपैकी जो लहान जन्मला, तो मधल्या काळात जास्त वाढलेला असतो. मग कोलेस्टेरॉल वाढले ते गर्भातल्या उपासमारीने की नंतर झपाट्याने चढलेल्या वजनाने? १९९९ मध्ये लुकास, फ्यूट्रेल आणि कोल या संशोधकांनी हा मुद्दा नेमका मांडला, आणि तो आजही खोडता आलेला नाही. आनुवंशिकतेचा धागा वेगळाच. जुळ्यांच्या अभ्यासांत असे सुचवले गेले आहे, की या संबंधाचा काही भाग आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचाच असावा.

जन्मवजन हे गर्भातल्या पोषणाचे मापच किती ढोबळ आहे, ते नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या ‘भुकेच्या हिवाळ्या’ने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या दुष्काळाने, दाखवले. गर्भारपणाच्या शेवटी उपासमार झालेल्या स्त्रियांची बाळे दोन-तीनशे ग्रॅमने हलकी जन्मली. उलट ज्यांची उपासमार पहिल्या महिन्यांत झाली, त्यांची बाळे जन्मताना नेहमीच्या वजनाची होती. तरीही पन्नाशीच्या सुमारास एलडीएल आणि एचडीएल (‘चांगले’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल) यांचे प्रमाण बिघडलेले आढळले ते या दुसऱ्या गटात. काट्यावर काहीच उमटले नव्हते. त्याच महायुद्धात जर्मन सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राड या रशियन शहरात गर्भावस्था काढलेल्यांत मात्र तसा फरक सापडला नाही. तिथे जन्मानंतरही टंचाई चालूच राहिल्याने मुलांना झपाट्याने बाळसे धरता आले नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

कमी वजन म्हणजे २,५०० ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. तिच्यात कमी दिवसांची बाळे आणि पूर्ण दिवसांची पण वाढ खुंटलेली बाळे एकत्र मोजली जातात. दोघांच्या गोष्टी निराळ्या, त्यामुळे या व्याख्येवर उभारलेले अभ्यास जपून वाचावे लागतात.

रक्तदाब आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांच्याशी जन्मवजनाचा संबंध कोलेस्टेरॉलपेक्षा बराच स्पष्ट आहे. हृदयविकाराचा धोका काढण्याच्या प्रचलित कोष्टकांत वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह आणि आजचे कोलेस्टेरॉल विचारले जाते. जन्मवजनाचा रकाना त्यांत नसतो.