काडतूस बाळगण्याचे संघीय खटले (अमेरिका)

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने काडतूस जवळ बाळगणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. मूळ 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यातली ही बंदी आज संघीय संहितेच्या 18 व्या शीर्षकात कलम 922(जी)(1) मध्ये आहे. बंदूक हाती लागलीच पाहिजे असे नाही. गोळीबारानंतर शस्त्र नाहीसे झाले आणि रस्त्यावर नुसत्या पुंगळ्या उरल्या, तरी आरोप ठेवता येतो, कारण कायद्याच्या व्याख्येत भरलेल्या काडतुसाबरोबर सुटी पुंगळी (काडतुसाचे कवच), प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारूही येते. शॉटगनचे बारीक छर्रे आणि प्रायमर नसलेली रिकामी प्लास्टिकची पुंगळी मात्र वगळली आहे.

आधीची शिक्षा प्रत्यक्षात किती झाली याला महत्त्व नाही. त्या गुन्ह्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकत होती, एवढे पुरते. प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सुटलेलाही बंदीत सापडतो. राज्याच्या कायद्याने किरकोळ ठरवलेला आणि कमाल दोन वर्षे शिक्षेचा गुन्हा यात धरत नाहीत.

सरकारी पक्षाला ताबा जाणूनबुजून होता हे दाखवावे लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रेहाइफ निकालापासून (2019) आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होते, हेही सिद्ध करावे लागते. आरोपीने जुनी शिक्षा लेखी मान्य केली, तर तो गुन्हा कोणता होता हे ज्यूरीला सांगता येत नाही (ओल्ड चीफ, 1997). काडतुसाचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध होता, हेही दाखवावे लागते, आणि हा मुद्दा पुंगळीच्या बुडावरच्या शिक्क्यावर ठरतो. तो वाचून तज्ज्ञ कारखाना सांगतो. मिनेसोटातल्या अनोका येथे बनलेले काडतूस टेक्ससमध्ये सापडले, की ते कधीतरी राज्याची सीमा ओलांडून आले एवढे पुरे होते (स्कारबरो, 1977).

खटला डळमळतो तो बहुधा ताब्यावर. चौघांच्या गाडीत सीटखाली काडतुसांची डबी सापडली, तर नुसते शेजारी बसणे हा पुरावा नव्हे. ती तिथे असल्याचे माहीत होते आणि तिच्यावर नियंत्रण ठेवता येत होते, हे दोन्ही दाखवावे लागते. काडतुसावर बोटांचे ठसे क्वचितच मिळतात, त्यामुळे फोनमधली छायाचित्रे आणि तुरुंगातून केलेले, ध्वनिमुद्रित झालेले फोन निर्णायक ठरतात. राज्याने शिक्षा दिली असली तरी त्याच ताब्यासाठी संघीय खटला चालू शकतो (गॅम्बल, 2019).

कमाल शिक्षा 2022 मध्ये 10 वरून 15 वर्षे झाली. हिंसक किंवा गंभीर अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत, वेगवेगळ्या प्रसंगी, आधी तीनदा दोषी ठरलेल्याला मात्र किमान 15 वर्षे सक्तीची आहेत. कायद्याचा हा भाग सर्वांत कठोर, आणि प्रमाणाचा विचार न करणारा आहे. टेनेसीत शॉटगनची 7 काडतुसे घरात ठेवल्याबद्दल एका माणसाला, त्याच्या फार जुन्या घरफोड्या मोजून, 15 वर्षांची शिक्षा झाली. काडतुसे त्याच्याकडे शेजारणीच्या सामानातून आली होती. सहाव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने 2014 मध्ये ती शिक्षा कायम केली. जुने गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी घडले की एकाच, हे तेव्हा न्यायाधीशच ठरवत. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्लिंगर निकालाने (2024) तो निर्णय ज्यूरीकडे सोपवला.