युगांडाला निघताय? आधी यलो फिव्हरची लस, मग तिकीट

गळीत हंगाम संपत आला की लातूर, धाराशिव, बीडकडचे पॅनमन, मिल फिटर, बॉयलर अटेंडंट, केमिस्ट पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांची चौकशी सुरू करतात. युगांडाचं नाव त्यात हमखास निघतं. पगार किती, राहायची सोय कशी, हे सगळे विचारतात. लसीचा विषय मात्र तिकीट हातात आल्यावर निघतो आणि तिथंच घोळ होतो. म्हणून सुरुवात लसीपासूनच करू.

युगांडात उतरणाऱ्या एक वर्ष आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाकडे यलो फिव्हरच्या, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या, लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जालाही त्याची प्रत जोडावी लागते, म्हणजे लस घेतल्याशिवाय अर्जच पुरा होत नाही. आणि हेच प्रमाणपत्र परत येताना आपल्याच देशात पुन्हा मागतात. यलो फिव्हरच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत कुणी प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलं, तर विमानतळावरची आरोग्य यंत्रणा त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवते. सूट आहे ती फक्त अगदी तान्ह्या बाळांना.

एवढी कडक अट का, ते मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळेल. हा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात रांजण, ड्रम, हौद भरून ठेवावे लागतात आणि त्याच साठवलेल्या पाण्यात हा डेंग्यूचा डास वाढतो. बाहेरून एक रुग्ण आला आणि त्याला इथला डास चावला, तर पुढं काय होईल याचा अंदाज करा. त्यामुळे या नियमाला पळवाट शोधू नका.

लस एकदाच घ्यायची असते. प्रमाणपत्र मात्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून हे दहा दिवस मोजूनच प्रवासाची तारीख धरा. एकदा घेतलेलं प्रमाणपत्र 2016 पासून आयुष्यभर चालतं. पूर्वी आफ्रिकेत जाऊन आलेल्यांचं जुनं, दहा वर्षांची मुदत छापलेलं कार्डही चालतं. ते जपून ठेवा.

ही लस गावातल्या दवाखान्यात किंवा मेडिकलवर मिळत नाही. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच ती देतात आणि तिथलंच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. नांदेड, लातूर, उदगीरकडच्यांना हैदराबादच्या नारायणगुड्यातली इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन सोयीची पडते. संभाजीनगर, जालन्याकडचे बहुतेक मुंबई गाठतात. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. लसीची कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. आधी अपॉइंटमेंट घ्या, वार आणि फी विचारून घ्या, मगच एसटीत बसा. सोबत मूळ पासपोर्ट हवाच.

कार्ड हातात पडलं की खिडकीवरून हलू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे का, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लसीची तारीख, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का, एकेक बघून घ्या. खाडाखोड झालेलं कार्ड अवैध ठरू शकतं. चूक असेल तर तिथल्या तिथं नवीन मागा.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांपैकी काही असेल तर लसीआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डॉक्टर सूटपत्र देऊ शकतात, पण त्यामुळे परतताना विलगीकरण टळेलच असं गृहीत धरू नका.

आता कागदपत्रं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. नवीन काढायचा तर 36 पानी पुस्तिकेला 1,500 रुपये, तत्काळला 3,500. व्हिसाचा अर्ज युगांडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो: पासपोर्टचं पहिलं पान, फोटो, लसीचं कार्ड, परतीचं तिकीट. साध्या टुरिस्ट व्हिसाची फी 50 डॉलर. मंजुरीचं पत्र छापून सोबत ठेवा, एन्टेबे विमानतळावर ते दाखवायचं असतं.

टुरिस्ट व्हिसावर तिथं नोकरी करता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. कामासाठी वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी तिथल्या कंपनीलाच धडपड करावी लागते. "आधी टुरिस्टवर चला, पुढचं बघू" असं म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. एजंटाचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा. ही मंजुरी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागणाऱ्या 18 देशांत युगांडा नाही, त्यामुळे त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

यलो फिव्हरला लस आहे, म्हणून तो आटोक्यात राहतो. मला जास्त काळजी वाटते ती मलेरियाची. युगांडात तो वर्षभर, जवळपास सगळीकडे असतो, आणि तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे दिवसा-दोन दिवसांत जीवावर बेतणारा. क्लोरोक्विनच्या गोळ्या त्यावर चालत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेतली तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परत आल्यावरही चार आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेतली तर परतल्यावर सात दिवस. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. घरी आलं की गोळ्या बंद करायच्या, असं बरेच जण करतात. ते करू नका. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी बॅगेत आधी भरा, लोणच्याची बरणी नंतर.

पाणी उकळून प्या. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. व्हिक्टोरिया तलावात पोहायला, पाय बुडवून बसायलाही जाऊ नका. त्या पाण्यातले बिल्हार्झिया या कृमीरोगाचे जंतू कातडीतूनच अंगात शिरतात.

परतल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही ताप येऊ शकतो. आपल्याकडे ताप म्हटला की डेंग्यू, चिकनगुनियाच्या तपासण्या आधी लिहून देतात. तेव्हा डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, "मी युगांडाहून आलोय", आणि मलेरियासाठी रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून मागा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर पुन्हा करा.