माँतेनच्या ‘एसे’ची पाठचिकित्सा व अर्थनिर्णय

फ्रेंच लेखक मीशेल द माँतेन (१५३३–१५९२) याच्या ‘एसे’ या निबंधग्रंथाचा अर्थनिर्णय त्याच्या पाठनिश्चितीपासून, म्हणजे ग्रंथाचे मूळ शब्द कोणते हे ठरवण्यापासून, वेगळा काढता येत नाही. बॉर्दो येथे १५८० मध्ये पहिले दोन खंड निघाले; १५८८ च्या पॅरिस आवृत्तीत तिसरा खंड आला आणि शीर्षकपृष्ठावरील उल्लेखानुसार आधीच्या दोहोंत सहाशे ठिकाणी भर पडली. तेथेच या आवृत्तीला पाचवी म्हटले आहे. परंतु तत्पूर्वीच्या १५८०, १५८२ आणि १५८७ या तीनच आवृत्त्या ज्ञात असल्याने एक आवृत्ती नष्ट झाली असावी किंवा प्रकाशकाची मोजदाद चुकली असावी.

१५८८ च्या एका छापील प्रतीच्या समासांत माँतेन अखेरपर्यंत लिहीत राहिला. ही ‘बॉर्दो प्रत’ उपलब्ध आहे, मात्र पुढे बांधणीच्या वेळी कडा छाटल्या गेल्याने काही ओळींची अक्षरे तुटली आहेत. माँतेनची मानसकन्या मारी द गुर्ने हिने त्याच्या मृत्यूनंतर संपादित केलेली १५९५ ची आवृत्ती बहुधा दुसऱ्याच, आज न सापडणाऱ्या प्रतीवरून सिद्ध झाली. तीत शब्दभेद तर आहेतच, शिवाय पहिल्या खंडातील चौदावे प्रकरण चाळिसावे झाले आहे.

प्येर व्हिले या अंध संशोधकाने १९०८ मध्ये माँतेनचा वैचारिक प्रवास स्टोइक (सुखदुःखात अविचल राहण्याच्या) वृत्तीकडून, १५७६ च्या सुमारास आलेल्या संशयवादातून, निसर्गानुसारी जीवनदृष्टीकडे झाल्याचे मांडले. १५८०, १५८८ व त्यानंतरच्या लेखनाचे थर अ, ब, क अशा खुणांनी दाखवण्याची पद्धत त्याच्या आवृत्तीमुळे रुळली. हा आलेख अध्यापनाला सोयीचा खरा, पण फार सरळ आहे. एकाच प्रकरणात स्टोइक वचने आणि संशय शेजारी नांदतात. त्यामुळे टप्प्यांपेक्षा विचाराच्या हालचालीवर भर देणारे समीक्षक झाँ स्तारोबिन्स्कीचे विवेचन (१९८२) अधिक ग्राह्य वाटते.

थरांची उपयुक्तता मात्र या आक्षेपाने कमी होत नाही. दिवंगत मित्र ला बोएसीवर आपले प्रेम का होते, हे सांगता येत नाही, एवढेच मैत्रीवरील प्रकरणाच्या १५८० च्या पाठात आहे. ‘कारण तो तो होता’ हे उत्तर आणि त्याला जोडलेले ‘कारण मी मी होतो’ हे शब्द बॉर्दो प्रतीच्या समासात, दोन वेगळ्या शायांत, बहुधा दोन वेळी उतरले.

विसाव्या शतकात बॉर्दो प्रतीला प्राधान्य मिळाले; ‘प्लेयाद’ या फ्रेंच ग्रंथमालेतील २००७ ची आवृत्ती १५९५ च्या पाठाकडे परतली. परिणामी मैत्रीवरील हेच प्रकरण बॉर्दो प्रतीनुसार अठ्ठाविसावे, तर १५९५ च्या पाठानुसार सत्ताविसावे म्हणून उद्धृत होते.